चुकीच्या मैफलीत, पहिल्या रांगेत

परवा रविवारी सकाळी साडेनऊ वाजता आम्ही तिघी मैत्रिणी गिरगावात, फणसवाडीतल्या एका छोट्या हॉलमध्ये, भलत्याच लोकांचा उपमा खाऊन, ऐटीत पहिल्या रांगेत बसलो होतो... चूक अर्थात माझी.

आधी आठवड्याचं सांगते. मी, शैला आणि नंदा, कॉलेजपासूनच्या. दर मे महिन्यात एक आठवडा घरच्यांना 'तुमचं तुम्ही बघा' म्हणून सांगायचं आणि गाणी, नाटकं, भटकंती करायची हा आमचा नेम. वेळापत्रक मी करते. तीस वर्षं शाळेत तेच केलं, आता खोड जात नाही.

नंदा मात्र गेली चार वर्षं येत नव्हती. आमच्यातली गाणारी ती. घरी गाण्याचे क्लास घ्यायची. थायरॉईडचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज पार खाली उतरला, घोगरा झाला... क्लास बंद केले, मैफलींना येणंही बंद. "दुसऱ्याचं गाणं ऐकवत नाही गं," म्हणाली होती एकदा. ते मला फार लागलं होतं.

यंदा तिने आपणहून ग्रुपवर मेसेज टाकला. 'मी येते. पण माझ्या गाण्याचा विषय कोणीही काढायचा नाही. शब्द द्या.' आम्ही दिला. मी तर देवाशपथ म्हणाले.

मग काय, नुसती धमाल! सोमवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर गप्पा आणि संध्याकाळी दादरला नाट्यसंगीत. मंगळवारी लालबागला शैलाच्या घरी कोलंबीचं सुकं आणि सोलकढी, जेवून तिघी फरशीवर आडव्या. मग बासरी, मग चौपाटी, मग एक फ्युजन का काय ते, जे आम्हाला ओ की ठो कळलं नाही.

नंदा सगळीकडे यायची, हसायची, खायची. पण गाणं सुरू झालं की गप्प. समेवर मानसुद्धा हलवायची नाही. मी आपली तिरक्या नजरेने तिच्याकडेच बघत बसायचे... आपण हिला उगाच छळतोय का, असं वाटायचं.

रविवारी गिरगावात एका मोठ्या गायिकेची सकाळची मैफल होती. आम्ही अर्धा तास आधी पोचलो, रुमाल टाकून जागा धरल्या. दारात एका बाईंनी आग्रहाने उपमा आणि कॉफी दिली. आम्ही घेतली... दोनदा. मग स्टेजवर बॅनर लागला, 'ज्येष्ठ नागरिक गायन वर्ग, वार्षिक कार्यक्रम'. मैफलीचा मेसेज पुन्हा उघडला तर ती होती पुढच्या रविवारी!

"आता उठायचं कसं गो?" शैला कुजबुजली. "तेंचो उपमो पोटात गेलो ना!"

खरंच होतं. खाऊन उठून जाणं बरं दिसत नाही. बसलो.

दोन-तीन गाणी झाली आणि एक काका स्टेजवर आले. बँकेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा झब्बा. निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका आज पहिल्यांदाच लोकांसमोर गाताहेत. आमच्या तानपुऱ्यावरच्या ताईंना अचानक ताप आलाय. मोबाईलवर तानपुरा आहे, पण काकांना पाठीशी माणूस हवं असतं. कोणाला वाजवता येतो का?"

"हिला येतो!"

माझंच तोंड. शब्द बाहेर पडला आणि मग मला माझी देवाशपथ आठवली. नंदाने माझ्याकडे जे पाहिलं... चाळीस वर्षांची मैत्री तिथेच संपली असं मला वाटलं. पण सगळा हॉल तिच्याकडे बघत होता. ती उठली, पदर खोचला आणि काकांच्या मागे जाऊन बसली.

तानपुरा लावायला तिला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटं ती कोणाकडेही बघत नव्हती.

काकांनी अभंग धरला. ध्रुवपद छान गेलं. आणि अंतऱ्याला काका कोरे झाले. शब्दही गेले, सूरही गेला. तबला आपला फिरतोय, दुसऱ्या रांगेत त्यांच्या बायकोने डोळे गच्च मिटून हात जोडलेले...

आणि मागून हळूच आवाज आला. घोगरा, खालचा. नंदाचा.

तो अभंग तिने क्लासमध्ये शेकडो वेळा शिकवलेला. आणि काकांची पट्टी नेमकी तिथेच होती, जिथे तिचा आवाज उतरला होता. काकांनी तो सूर पकडला आणि निघाले. वाटलं, आता ती थांबेल. नाही थांबली. एकदा आवाज फाटला, तिने खाकरून घेतलं आणि पुन्हा लागली. शेवटपर्यंत त्यांच्या मागे गात राहिली. शैलाने माझं मनगट आवळून धरलं होतं आणि मी राजरोस रडत होते. उपमावाल्या बाईंनी मला पेपर नॅपकिन आणून दिला.

कार्यक्रम संपल्यावर काका हात जोडून नंदापुढे उभे राहिले. "ताई, माझी तर दांडी गुल झाली होती. दर गुरुवारी तालीम असते आमची. येत जाल का?"



"किती वाजता?" नंदाने विचारलं.

टॅक्सीत ती आमच्याबरोबर मागे न बसता पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली. दादर आलं तेव्हा म्हणाली, "शब्द मोडलास तू. आता गुरुवारी तिथे फिरकायचं नाही. तू समोर बसलीस तर मला गाता यायचं नाही."

मी मान डोलावली. गाता यायचं नाही, म्हणजे गाणार आहे बया... घरी येऊन मी पुन्हा एकदा मनसोक्त रडून घेतलं.

त्या काकांचं नावही मी विचारलं नाही. काका, ही पोस्ट फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचली तर... तुम्ही अंतरा विसरलात, त्याबद्दल मनापासून आभार.