राजुलच्या स्तवनाची चाल

चंद्रकांताच्या पायाला भिंगरी आहे, असं दोंडाईच्याच्या घरी सगळेच म्हणत. धुळ्याच्या कॉलेजात ती एम.ए.ला होती. साल अडुसष्ट. प्रबंधिकेसाठी तिनं विषय घेतला होता घरातलाच: जैन बायका पर्युषणात गातात ती स्तवनं.

थोरली चुलती जतनबाई, म्हणजे तिची बडीमां, गायची त्यातलं एक स्तवन चंद्रकांताच्या फार आवडीचं. लग्नाच्या दारातून नेमकुमारांनी वैराग्यानं रथ मागं वळवला आणि नवरी राजुल त्यांना हाका मारत राहिली, ती कथा. घरातल्या जुन्या वहीत वरच्या बाजूला लिहिलं होतं, ‘चाल : नको वळवू घोडा राजसा.’ खाली कवीचं नाव नाही.

“कोणा साध्वीजींनी केलंय,” बायका सांगत. पण ही घोड्याची चाल कुठली? चंद्रकांताला अन्न गोड लागेना. दोंडाईच्यात बाजाची पेटी वाजवणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडून कळलं, की असली गाणी म्हणणारी एक नाटक कंपनी चाळीस वर्षांपूर्वी गावात आली होती आणि तिच्यात नायिकेचं काम करणारा पोरगा झुलाल आता पिंपळनेरला शिवणकाम करतो.

ती दुसऱ्याच दिवशी एस.टी.त बसली.

झुलाल मशीनवर वाकून चोळी शिवत होता. चंद्रकांतानं स्तवनाची पहिली ओळ म्हटली आणि त्याचा पाय थांबला.

“पोरी, हाई तं मनं गाणं शे! तुले कथाईन भेटनं?”

आपलं गाणं हिला कुठून मिळालं याचं नवल करत त्यानं पडल्या आवाजात ते म्हणून दाखवलं. रुसून निघालेल्या प्रियकराला नायिका विनवते. तेच सूर, तेच हुंदके. परतीच्या गाडीत चंद्रकांता दोन थांबे आधीच उठून उभी राहिली.

जतनबाई ताक घुसळत होती. “बडीमां, ही चाल नाटकातली आहे. साध्वीजी नाटकाला कशा जातील?”

रवी फिरायची थांबली. “मी गेले होते,” जतनबाई म्हणाली. “लग्नाला वर्ष झालं होतं. बायकांना आत जायची सोय नव्हती. पाण्याला जाते म्हणून निघाले आणि तंबूमागं उभी राहिले. घरी आले तर गाणं सुटेना. ते शब्द तोंडात घ्यायचे कसे? मग राजुलचे घातले.”

“म्हणजे स्तवन तुम्ही केलंत! मी तुमचं नाव लिहिते.”

“लिहू नको.”

“काका जाऊन बारा वर्षं झाली. आता कोणाची भीती?”

“भीती नाही गं. बायका साध्वीजींचं म्हणून गातात. जतनबाईचं म्हटलं, तर गातील?”

चंद्रकांतानं प्रबंधिकेत ‘कवयित्री अज्ञात’ लिहिलं. सरांनी त्यावर शेरा मारला, ‘इथे शोध अपुरा.’ परीक्षा झाली, जळगावच्या एका शाळेत नोकरी लागली, पण ‘अज्ञात’ हा शब्द तिला खुपत राहिला. वर्गात शिकवताना मध्येच बोलणं तुटे. दर सुट्टीत ती दोंडाईच्याला जाऊन तोच विषय काढी आणि जतनबाई उठून कामाला लागे.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात जतनबाई गेली. पर्युषणात बायकांनी राजुलचं स्तवन धरलं. मध्येच चंद्रकांता उभी राहिली. “हे आमच्या बडीमांनी केलंय. नाटकाच्या चालीवर.”

गाणं थांबलं. कोपऱ्यातली सज्जनबाई, जतनबाईच्या बरोबरीची, तिच्यावर खेकसली, “आम्हाला काय ठाऊक नाही? तंबूमागं तिच्याजवळ मीच उभी होते. बस खाली, कडवं राहिलंय.”

आणि तिनं पुढचं कडवं उचललं. बायका मागून म्हणू लागल्या. दोघीतिघी मात्र तोंड मिटून बसल्या होत्या, आणि चंद्रकांताची नजर पुन्हा पुन्हा त्यांच्याकडेच जात राहिली.

पुढच्या आठवड्यात ती धुळ्याला गेली. कॉलेजच्या ग्रंथालयातून आपली प्रबंधिका मागवून घेतली, ‘अज्ञात’ खोडलं आणि शाईनं लिहिलं : जतनबाई, दोंडाईचा.