शेजारची शिट्टी

आमच्या फुटबॉल क्लबच्या मॅनेजरला सगळे बगळा म्हणतात. तोंडावर नाही, माघारी. पण त्यालाही ते ठाऊक आहे. उंच, मान पुढे काढलेली, एक गुडघा कामातून गेलेला, म्हणून सगळा भार दुसऱ्या पायावर. हे नाव मीच ठेवलं. मी क्लबच्या जर्सी धुते, लहानथोर मला मावशी म्हणतात, आणि ज्याचे मोजे धुवायचे त्याला नावं ठेवायचा हक्क आपला, असं मी मानते.

बगळ्याचं ध्यान माशावर, ह्याचं पोरांवर. मोठ्या टीमची मॅच तोंडावर आली असली तरी ज्युनियर पोरांच्या सरावाला हा गोलच्या मागे हजर. कोणाचा बूट उसवलाय, कोण उपाशी आलंय, कोण घरी भांडून आलंय, ह्याला न सांगता कळतं. शिवाय एक हट्ट: ज्याच्या हातून घोडचूक होईल, तो पुढच्या मॅचला पहिल्यापासून खेळणार. मला हे निव्वळ खूळ वाटायचं. ज्याने दूध सांडलं त्याच्याच हातात पुन्हा पातेलं कोण देतं?

मग ती पाळी माझ्या भाच्यावर आली.

बहिणीचा मुलगा, मिसरूडही धड फुटलेलं नाही. मोठ्या टीमचा गोलकीपर बोट मोडून बसला, म्हणून ह्याला ज्युनियरमधून वर घेतलं. आमची मैदानं दोन, मध्ये फक्त तारेचं कुंपण. मोठ्यांची मॅच चालू असताना पलीकडे लहानांची चालते. तेही बगळ्याचंच डोकं. लहानांना आपणही क्लबचे आहोत असं वाटलं पाहिजे म्हणे. तर भाच्याच्या हातात बॉल होता आणि पलीकडची शिट्टी वाजली. ह्याला वाटलं, आपलीच. फ्री किक मिळाली असं समजून त्याने बॉल शांतपणे जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागे सरकला. समोरच्याला आयतंच मिळालं. त्या एका गोलने आम्ही हरलो. लोक पोट धरून हसले, आणि माझी बहीण खाली मान घालून बसून राहिली.

पुढची मॅच शेवटची. हरलो की क्लब खालच्या गटात. अध्यक्षांनी बगळ्याला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मी टॉवेल ठेवायला गेले होते, आणि मुद्दाम सावकाश ठेवत होते.

"तो पोरगा बाहेर," अध्यक्ष म्हणाले. "दुसरा कोणीतरी आणा. आणि ती लहानांची मॅच दुसऱ्या दिवशी ढकला."

"पोरगा खेळेल. लहानही खेळतील."

"हरलात तर सामान आवरायचं."

"चालेल," बगळा म्हणाला. चहात साखर कमी चालेल का, असं कोणी विचारल्यासारखं.

मी त्याला धुण्याच्या खोलीत गाठलं. "साहेब, त्याला बाहेर बसवा. पुन्हा हसं झालं तर पोरगं मैदानाचं तोंड बघणार नाही."

"आणि बसवला तर उठवणार कोण, मावशी? तुम्ही की मी?"

"तुमच्या नोकरीचं काय?"

"माझं बघता येईल." आणि मला वाळलेले मोजे जोडीने लावून देत बसला. ते सगळे मला परत लावावे लागले, ते सोडा.

दुसऱ्या दिवसापासून त्याने लहान पोरांना शिट्ट्या वाटल्या आणि गोलच्या मागे उभं करून सांगितलं, हवी तेव्हा वाजवा. माकडाच्या हाती कोलीतच ते. आठवडाभर माझं डोकं उठलं. भाचा सुरुवातीला प्रत्येक शिट्टीला दचकायचा. बगळा एकच घोकून घ्यायचा, "बॉल पोटाशी. नजर रेफरीकडे. रेफरीचा हात दिसल्याशिवाय सोडायचा नाही."

मॅचच्या दिवशी आम्हाला बरोबरी पुरेशी होती. दोन्हीकडे शून्य, वेळ संपत आलेली. समोरच्या टीमचा एक पोरगा बॉल घेऊन आमच्या गोलकडे सुटला, आणि नेमकी पलीकडची शिट्टी वाजली. आमचे दोघे मोठे, चांगले दाढीवाले खेळाडू, जागच्या जागी थांबले! भाचा थांबला नाही. त्याने त्या पोराच्या पायात उडी घातली आणि बॉल पोटाखाली घेतला.

मग खरी शिट्टी झाली. मॅच संपली, क्लब वाचला, सगळे नाचायला लागले. भाचा मात्र तसाच पालथा, तोंड चिखलात. दोघांनी ओढून पाहिलं, तर त्याने बॉल आणखी घट्ट धरला.

मॅचच्या वेळी बगळा मैदानाच्या रेषेच्या आत कधी पाऊल टाकत नाही. त्या दिवशी लंगडत थेट गोलपर्यंत गेला, दुखरा गुडघा कसाबसा मोडून त्याच्याजवळ बसला आणि पाठीवर हात ठेवला. मीही धावले होते, म्हणून ऐकू आलं.

"ही आपली होती रे."

"नक्की?"

"मी पाहिलं ना रेफरीला. सोड आता."

भाच्याने बॉल सोडला आणि हमसून हमसून रडला. मीही रडले, त्यात लाज कसली. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

रडून झाल्यावर भाचा उठला. बगळ्याला मात्र गुडघ्यामुळे उठता येईना. तो तसाच चिखलात बसून हसत होता. भाच्याने डोळे पुसले, दोन्ही हात पुढे केले आणि त्याला उभं केलं.