मावशीच्या गालावरची हळद
फोटो धुण्याच्या औषधाचा वास आला की मला मूर्तिजापूरचं ते लग्न आठवतं. अमरावतीला वकिली सुरू केली तेव्हा मी एक डबा कॅमेरा घेतला होता. तो समोर धरला की माणसं ताठ होत, म्हणून मी तो पोटाशी धरून गप्पा मारायचो आणि हळूच खटका दाबायचो. हळदीच्या सकाळी अंगणात बायकांचा नुसता गलका होता. माझी विधवा मावशी मात्र मागच्या दाराशी लांब उभी होती. नवरी धावत गेली, तिने मावशीच्या गालाला हळद फासली, आणि मावशी अशी खळखळून हसली की मी तो फोटो काढलाच. पुढे कौतुकाने सगळ्यांना दाखवतही सुटलो. मावशीच्या थोरल्या दिरांनी त्यात गालावरचा नवरीचा हात पाहिला. "विधवेले हयद कायची लावता?" ते गरजले, आणि त्या दिवसापासून मावशीचं लग्नकार्याला जाणं बंद झालं. मी माफी मागायला गेलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मले इचारलं असतं तं मी गाल पुसून घेतला असता ना रे, बापू." गेल्या महिन्यात मावशी गेली. तिचा तेवढा एकच फोटो आहे. तो भिंतीवर लावू का, हे आता कोणाला विचारू?