रोज नवा पत्ता

पोयनाडच्या पुढे, खाडीच्या अंगाला पाटलांचं घर आहे. दारात एखादा तरी ट्रक उभा नसला तर येणारे-जाणारे विचारतात, सगळं बरं आहे ना म्हणून. ट्रक ड्रायव्हर चालवतात, धंदा विपुल बघतो आणि त्या धंद्याची कागदपत्रं त्याची बायको कल्पिता सांभाळते. कुठला माल कुठे पोचवायचा, कुठल्या गाडीचा विमा संपत आला, हे सगळं तिच्या लॅपटॉपवर असतं, आणि तो लॅपटॉप तिच्या खांद्याला.

कल्पिताचं माहेर रेवसच्या बाजूचं, मिठागरवाल्यांचं. लहानपणी मीठ भरायला ट्रक येत, तेव्हा ती बाकीच्या पोरांसारखी मिठाच्या ढिगावर न खेळता थेट केबिनमध्ये चढायची. पाय पेडलपर्यंत पोचत नसत, पण स्टिअरिंगला दोन्ही हातांनी लटकून ती तोंडाने गिअर बदलायची. पुढे पाटलांचं स्थळ आलं आणि ते ट्रकवाले आहेत हे कळल्यावर तिचा चेहरा असा काही खुलला की आईला वाटलं, पोरीला मुलगा फारच पसंत पडला. मुलगाही पसंत होताच म्हणा.

लग्नानंतर ती कार शिकली, लायसन्सही काढलं. ट्रकच्या सीटवर मात्र कधी बसली नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं, कारण तिने कधी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर विपुल हसून दुसरं काही बोलू लागला असता, सासूबाईंना, सखुबाईंना, धडधड सुरू झाली असती आणि भावकीतल्या प्रत्येकाने आपलं मत घरी येऊन, चहा पिऊन सांगितलं असतं. म्हणून तिने ठरवलं, आधी जड वाहनाचं लायसन्स हातात, मग बोलणं.

वडखळजवळच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिने नाव घातलं. घरी सांगितलं की गाड्यांच्या कामासाठी वडखळला जायला लागतं. तेही खोटं नव्हतं. शिकवणीचा ट्रक मोकळा होईपर्यंत ती जवळच्या हॉटेलात बसून लॅपटॉपवर पावत्या बनवायची. ते हॉटेल तिच्या नणंदेच्या नवऱ्याचं, जीवनचं. हायवेवर त्याची अशी काही हॉटेलं होती. तो स्वतः बसायचा पेणच्या हॉटेलात, आणि वडखळचा मॅनेजर कल्पिताला ओळखत नव्हता. त्यामुळे तिला कसली काळजी वाटली नाही.

जीवनच्या मुलीच्या बारशाला सगळे जमले होते. जेवणं झाली, पानं फिरली आणि जीवनने भरल्या ओटीवर विषय काढला. "वहिनी, आमची वडखळची भजी फारच आवडलेली दिसतात. आठवड्यातून दोनदा दोन-दोन तास बसता."

कल्पिताच्या हातातलं पान तसंच राहिलं. जीवनने मोठ्या हौसेने सगळ्यांना मोबाइल दाखवला. त्याने हॉटेलांत नवीन वायफाय बसवलं होतं. कुठला मोबाइल, कुठला कॉम्प्युटर किती वेळा आला, किती वेळ बसला, सगळं त्याला घरबसल्या दिसायचं, आणि ओळखीच्या माणसांना त्याने नावंही देऊन ठेवली होती. पेणच्या हॉटेलात कधीतरी जोडलेला लॅपटॉप आता वडखळला 'कल्पिता वहिनी' म्हणून उगवत होता. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला फक्त चिडवायचं होतं. कल्पिताने घरच्या नेटला नावं ठेवून वेळ मारून नेली. सखुबाईंनी मात्र एवढंच विचारलं, की भजी घरी होत नाहीत का.

दुसऱ्या दिवशी कल्पिताने पहिलं काम केलं ते लॅपटॉपचं नाव बदलण्याचं. 'कल्पिता'चं 'रातांबा' केलं. पुढच्या खेपेला वडखळहून घरी पोचते न पोचते तोच जीवनचा फोन. रातांबा नाव झकास आहे म्हणाला, पण मशीन तेच आहे वहिनी.

आता तिला राग आला. जीवनचा कमी आणि त्या लॅपटॉपचा जास्त. रोज जवळ घेऊन फिरावं आणि त्याने असं गावभर सांगत सुटावं! तिने गौरीला फोन लावला. गौरी अलिबागच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. शाळेपासूनची मैत्रीण, त्यामुळे ट्रकचं गुपित फक्त तिलाच ठाऊक होतं.

शनिवारी गौरीच्या वाडीत, सुपाऱ्या वाळत घातलेल्या अंगणात दोघी लॅपटॉप उघडून बसल्या. गौरीने तिला समजावलं की नाव हा नुसता वरचा रंग. आतल्या वायफायच्या चिपला कारखान्यातूनच एक पत्ता मिळालेला असतो, आकड्या-अक्षरांचा, त्या एकाच चिपचा. जिथे जाशील तिथल्या वायफायला लॅपटॉप तो सांगतो. नाव शंभरदा बदललं तरी पत्ता तोच.

"मग तो पुसायचा कसा?" कल्पिताने विचारलं.

"पुसायचा नाही. दुसराच सांगायचा. ही सोय तुझ्या मशीनमध्येच आहे, बंद पडून आहे इतकंच. चालू केलीस की प्रत्येक ठिकाणी काहीतरी बनवलेला पत्ता सांगेल. हवं तर रोज नवा."

कल्पिताला शंका आली. हे खोटं बोलणं तर नव्हे?

गौरी हसली. "टमटममध्ये बसताना तू आधार कार्ड दाखवतेस? वायफायला फक्त उत्तर कुठे पाठवायचं ते कळायला हवं. तू कोण, काल कुठे होतीस, हे त्याला कशाला?"

हे कल्पिताला इतकं पटलं की घरी येऊन तिने 'रातांबा' काढून कंपनीचंच साधं नाव ठेवलं आणि सेटिंगमध्ये सापडेल तिथे सगळीकडे 'रोज बदला' करून टाकलं. पुढच्या खेपेला वडखळला बसली. फोन आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. जीवनच्या यादीत रोज एक नवीन अनोळखी गिऱ्हाईक येत होतं, आणि तो धंदा वाढतोय म्हणून खूश होता. कल्पिताने त्या दिवशी ट्रक मागे घेऊन दोन खांबांच्या मधे असा लावला की शिकवणारे मास्तर खाली उतरून चाकं बघून आले.

घरात मात्र गडबड सुरू झाली. लॅपटॉप घरच्या वायफायला लागेना. नेट पुन्हा बिघडलं असेल म्हणून ती मोबाइलवरून काम चालवू लागली. इकडे तिचे सासरे हिरामण हैराण. सगळी हयात मिठागरात गेलेला माणूस, आता वाफ्यांचे बांध राखायचे नव्हते, तर त्यांनी घरचं वायफाय राखायला घेतलं होतं. आळीतली पोरं पासवर्ड वापरतात म्हणून त्यांनी जावयाकडून शिकून राउटरमध्ये फक्त घरच्या मशीनचे पत्ते टाकले होते. बाकी कुणाला प्रवेश नाही. आणि आता त्यांच्या मोबाइलवर रोज सूचना येत होती की अनोळखी मशीन आत यायला बघतंय. काल आलेलं आज नाही, आज दुसरंच.

हिरामणांनी मोबाइल हातात धरून घराला फेऱ्या मारल्या. गोठ्यामागे बघितलं, ट्रकखाली बघितलं. शेवटी त्यांचा संशय शेजारच्या कोंडाजीवर बसला, कारण त्याने नुकताच पोरासाठी टॅब आणला होता. संध्याकाळी ते धोतर सावरून कुंपणाकडे निघाले, तेव्हा कल्पिता तुळशीला पाणी घालत होती. चाललात कुठे, असं तिने विचारलं. कारण ऐकलं आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कोंडाजी बिचारा गरीब माणूस, आणि दोन घरांचं भांडण व्हायचं तिच्या लॅपटॉपपायी.

"बाबा, थांबा. तो चोर मीच आहे."

हिरामण थांबले. तिने लॅपटॉप आणून दाखवला, पत्ता कसा बदलतो ते सांगितलं. ते त्यांना झटकन कळलं. पण त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, की हे करायची पाळी का आली. मग तिने पायरीवर बसून वडखळचं सगळं सांगून टाकलं. मास्तर, शिकवणीचा ट्रक, मिठाच्या ढिगाजवळची केबिन, आणि महिनाअखेरीला असलेली परीक्षा.

हिरामण तिच्या शेजारी पायरीवर टेकले. कल्पिताला वाटलं, आता विपुलला हाक जाणार.

"आधी सांगायचं न्हाय व्हय?" ते म्हणाले. "मना कुणी विचारलंच न्हाय कधी. मी पन गाडी चालवली असती. मिठागर सोडून जाता आलं न्हाय, म्हणून राहिलं."

"विपुलला सांगणार?"

"मी कशाला सांगू? तुझी गोष्ट हाय, तू सांग. लायसन आलं की सांग." मग लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्याला तेवढं घरात तरी खरं बोलू दे."

कल्पिताने तिथल्या तिथे घरच्या वायफायसाठी खरा पत्ता चालू केला. बाहेर सगळीकडे रोज नवाच ठेवला. परीक्षेच्या दिवशी हिरामण गुडघा दाखवायच्या निमित्ताने तिच्याबरोबर निघाले आणि मैदानाच्या कडेला तिची पिशवी मांडीवर धरून बसले. ती पहिल्या फटक्यात पास झाली.

लायसन्स हातात आलं त्या दिवशी तिने ते जेवताना विपुलच्या ताटाशेजारी ठेवलं. त्याने ते उलटून पालटून बघितलं. दोन दिवस तो जरा घुश्शात होता, आपल्याला नाही आणि बाबांना कळलं म्हणून. तिसऱ्या दिवशी एक ड्रायव्हर आजारी पडला आणि विपुलने किल्ली तिच्यापुढे धरली. सखुबाईंनी चाकापुढे नारळ फोडला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.

आता आठवड्यातल्या एक-दोन फेऱ्या कल्पिताच्या असतात. भाताची पोती घेऊन तळा गावाला जायचं असलं की हिरामण सकाळी लवकर अंघोळ करून, टोपी घालून ट्रकजवळ येऊन उभे राहतात. क्लीनर मागे सरकतो. घाटात कल्पिता गिअर टाकते तेव्हा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याचा डावा पायही नसलेल्या क्लचवर आपोआप दाबला जातो.