झोपून मोळी कोण उचलतं?

शिरूर कासारच्या स्टँडवर डोक्यावरची माझी बॅग उतरवता उतरवता आई मटकन खाली बसली आणि तिने तोंडावर पदर ओढला. मी जर्मनीला निघाले होते. रडतेय बिचारी, असं समजून मीही भोकाड पसरलं. एसटी हलली तरी ती उठली नाही.

सुमे, माझ्या धाकट्या बहिणी, खरं काय ते तू वर्षभराने फोनवर सांगितलंस. आईचं अंग बाहेर आलं होतं. उसाच्या मोळ्या वाहून वाहून गर्भाची पिशवी खाली सरकलेली, आणि ती चारचौघांत कळा सोसत बसली होती. मला स्वतःचा इतका राग आला! इथल्या कंपनीतलं कृत्रिम गुडघे डिझाइन करायचं काम सोडून मी अंग आत धरून ठेवणाऱ्या रिंगेचं काम मागून घेतलं.

एमआरआयच्या फोटोंवरून आतले स्नायू कॉम्प्युटरवर उभे करायचे, ते कुठे किती ताणतात ते बघायचं आणि रिंगेचा आकार ठरवायचा. माझी रिंग स्क्रीनवर तसूभरही हलेना. आईची साधी रिंग, बीडच्या डॉक्टरीणबाईंनी बसवलेली, वाकलं की निसटायची आणि ऑपरेशन करून पिशवी काढायला आई मुळीच तयार नव्हती. मी फुशारकीने तिला व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवली.

"ही बाई झोपलीय कावून?"

"फोटो झोपवूनच काढतात, आई."

"अगं येडे, झोपून मोळी कोन उचलतं? आडवं झाल्यावर माझं बी जागेवरच ऱ्हातंय की!"

 एवढे शिकलेले आम्ही, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

उभ्याने आणि बसून फोटो काढणारं मशीन दुसऱ्या गावात सापडलं. उकिडवं कसं बसायचं ते तिथे फोटोसाठी आलेल्या बायकांना मी शिकवलं. टाचाच टेकेनात बयांच्या! रिंगेचा आकार बदलला. चाचण्या, परवानग्या यांत बरीच वर्षं गेली. शेवटी डॉक्टरीणबाईंनी आईला नवी रिंग बसवली.

यंदा सुट्टी संपवून निघाले, तर स्टँडवर तिने माझी बॅग उचललीच.

"ठेव ती! बाईंनी काय सांगितलंय?"

"गप गं. लई शानी झालीस."

बॅग डोक्यावर घेऊन ती एसटीच्या दारापर्यंत आली. मी श्वास रोखून बघत होते. तिने बॅग खाली ठेवली, कंबर सरळ केली आणि मग घळाघळा रडायला लागली. पदर तोंडावर घेतलाच नाही.

इथे कुणी घराबद्दल विचारलं की सुमे, मला आता तीच दिसते, उभ्याने रडणारी.