लिही बे, दोन!

खंब्या चेंडू टाकल्यावर बास्केटकडे पाहायचा नाही. चेंडू हातातून सुटला की पाठ फिरवायचा आणि परत धावताना माझ्या टेबलाकडे बोट करून ओरडायचा, "लिही बे, दोन!" चेंडू तेव्हा हवेतच असायचा. तो जाळीतून खाली आल्याशिवाय मी आकडा मांडत नसे. मग तो चिडवायचा, "तुले माह्यावर भरोसा नाही काय बे?"

चिखलीच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. उंची सहा फूट चार इंच, म्हणून खंब्या. मला खेळता येत नव्हतं, आकडे मात्र चुकत नसत, म्हणून खेळाच्या सरांनी मला गुणलेखक केलं. अधिकृत वहीत गुण आणि फाउल असत. बोर्डावर आपटून परत आलेले चेंडू कोणी किती पकडले, ते रिबाउंड मी हौसेने स्वतःच्या वहीत लिहायचो.

बुलढाण्यातल्या पहिल्याच सामन्यात त्याचे एकतीस गुण झाले, रिबाउंड चौदा. परतताना एसटीत त्याचे पाय वाटेत पसरलेले. कंडक्टर म्हणाला, "या पायाचं लगेज तिकीट फाडू काय?"

"फाडा ना काका. हेच पाय मले पोलिसात नेतीन!"

तो गंमत करत नव्हता. राज्याच्या संघातून खेळलं तर खेळाडूंच्या राखीव जागेवर भरती होता येईल, हा त्याचा हिशेब होता. घरची चार एकर कोरडवाहू तिघा भावांत होती. दुसरी वाट त्याला दिसत नव्हती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या वहीतले आकडे उतरू लागले. चौदा, अकरा, अकरा, आठ, पाच. गुण फारसे घटले नव्हते, त्यामुळे सरांना काही जाणवलं नाही. मी वही त्याच्यापुढे धरली. "उडी काऊन कमी झाली बे?"

त्याने पॅन्ट वर केली. डावा गुडघा नारळाएवढा सुजला होता. "पाय टेकला का आतून सरकते," तो म्हणाला.

"सरांले सांगू."

"विभागाची निवड पंधरा दिवसांवर आली. सांगितलं तर माहं नाव कटलं समज. कोणालेच सांगू नको."

मी वही दप्तरात टाकली. अधिकृत वहीत रिबाउंडचा रकानाच नाही, तेव्हा आपण काही खोटं लिहीत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

निवड चाचणीत सातव्या मिनिटाला तो उडी मारून खाली आला आणि उठला नाही.

ऑपरेशन झालं. आठ महिन्यांनी तो पुन्हा मैदानात उतरला. आता तो पाठ फिरवत नव्हता. चेंडू टाकून तिथेच उभा राहायचा आणि जाळीकडे पाहत राहायचा. नऊ गुण, मग चार, मग शून्य. त्या शून्याच्या दिवशी गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "खंब्या, लाईट गेली काय बे?" सगळे हसले. तोही हसला. पुढच्या सामन्याला तो आला नाही, परीक्षेलाही नाही.

मागच्या वर्षी घरासाठी नळ घ्यायला चिखलीच्या एका हार्डवेअरच्या दुकानात गेलो. वरच्या फळीवरचा खोका एक माणूस शिडीशिवाय उतरवत होता, डावा पाय ताठ ठेवून. मी ओळखायच्या आधी त्यानेच मला ओळखलं. नळ काउंटरवर ठेवत म्हणाला, "लिही बे, दोन." हसला नाही.

चहा मागवला. अर्धा पिऊन झाल्यावर त्याने विचारलं, "तुले तवाच समजलं होतं ना?"

"हो."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"तूच नको म्हणाला होता."

"मी एकोणीस वर्षांचा होतो बे."

मीही एकोणीसचाच होतो. पण वही तेव्हा माझ्या हातात होती.