विचारल्याशिवाय हात नाही

मस्तगडला शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानावर आमच्या संस्थेची खोली आहे. संस्था रीतसर नोंदलेली आहे आणि तिच्या नावात 'आरोग्य' हा शब्द असल्यामुळे खालचा दुकानदार आम्हाला योगासनवाले समजतो. महिन्यातून दोन रविवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस माणसं जमतो. शरीरसुखाच्या बाबतीत ज्यांच्या आवडी चारचौघांसारख्या नाहीत, त्यांच्यासाठी ही जागा. एक प्राध्यापक इथे येऊन नऊवारी नेसतात, तीही अगदी चापूनचोपून. कुंभार पिंपळगावच्या एका जोडप्याला एकमेकांना दोरीने बांधायला आवडतं. दोरी शेतातलीच, पण स्वच्छ धुऊन आणतात. बँकेतल्या एका बाईंना यातलं काहीच नको असतं, आणि नको असण्यातही काही बिघडलेलं नाही, एवढं ऐकायला त्या येतात. बाहेरच्याला वाटेल, इथे काय काय चालत असेल. बहुतेक वेळ चहा आणि चर्चा चालते.

मी बायकोला न सांगता जात होतो. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी घरी या विषयावर मला तोंड उघडता येत नव्हतं. इथे लोक मोकळेपणाने बोलतात असं कळलं म्हणून गेलो, आणि अक्षर बरं म्हणून सचिव झालो. घरी कळलं तर संसार मोडेल ही धास्ती मात्र कायम होती.

आमचा एकच कडक नियम. विचारल्याशिवाय कोणी कोणाला हात लावायचा नाही, पाठीवर थापसुद्धा मारायची नाही. समोरून 'नाही' आलं तर कारण विचारायचं नाही, 'बरं' म्हणायचं. नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी 'नाही' म्हणायचा सराव करून घेतात. मला तेव्हा हा पोरखेळ वाटला होता, पण चार वर्षांत सवय अंगात मुरली. ऑफिसात साहेबांच्या खांद्यावरचा दोरा काढतानाही मी विचारलं. "काढ ना बाबा, त्यात इचारायचं काय?" ते म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात बायको वाटूरहून, भावाच्या घरून आली. एसटीत पाठ अवघडली होती, तरी लगेच मेथी निवडायला बसली. पाठ चोळून द्यावी म्हणून मी मागे गेलो आणि तोंडातून निघून गेलं, "हात लावू का?"

तिचे हात थांबले. "काय म्हन्ले?"

तिथेच विषय बदलायला हवा होता. सवयीने मी पुन्हा तेच विचारलं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "न्हाई."

"बरं," म्हणून मी मागे सरलो. मी चिडेन याची ती वाट बघत होती, हे मला दिसलं.

दुसऱ्या दिवशी विचारलं, न्हाई. तिसऱ्या दिवशीही. पुढेपुढे तिला त्यात मजा वाटू लागली. एकदा तर पिठाच्या हातांनी, हसत 'न्हाई' म्हणाली. मला राग आला, खोटं कशाला बोलू. रागामागून लाज आली. बावीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर किती वेळा हेच ऐकलं असतं, याचा विचार मनातून जाईना.

दहा-बारा दिवसांनी तिने चहा पुढे ठेवला. "हे कुठून शिकून आले तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. खोली, नऊवारी, दोरी, चार वर्षांचं खोटं. आता ही माहेरी जाते, असं धरूनच चाललो होतो. तिने एवढंच विचारलं, "तिथं बायांना बी इचारतेत?"

"समद्यांनाच."

"आन् न्हाई म्हन्लं तर मंग?"

"बरं म्हन्तेत."

पुढच्या रविवारी ती माझ्यासोबत जिना चढली. चहा झाला. रीतीप्रमाणे प्राध्यापकांनी तिला सरावासाठी उभं केलं आणि समोर मला. मी इतिवृत्ताची वही काखेत धरून विचारलं, "हात लावू का?"

ती प्राध्यापकांकडे वळली. "न्हाई म्हनायचं घरीच शिकले मी, सर. आता हो म्हनायचं शिकवा. ते मी आजवर कधी मनातून म्हन्लंच न्हाई."